दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : किलोमीटर वेगळे, तास वेगळे

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासाबद्दल एक संदेश सध्या घरोघरी फिरतो आहे. विमान उत्तरेकडून वळवून कंपन्या अंतर वाढवतात. अंतर वाढले की वेळ वाढणारच. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे. आणि अंतराला 900ने भागले की प्रवासाचे तास मिळतात, असे त्यात म्हटले आहे. माझ्या एका काकूंनी मुलाकडे निघताना इन्सुलिनच्या वेळा याच भागाकारावरून मांडल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो.

उत्तरेचे वळण हा फेरा नाही. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आर्क्टिक महासागराजवळून, सुमारे 76 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून जातो आणि त्याची लांबी सुमारे 12,400 किलोमीटर भरते. सपाट नकाशावर चीन-जपानवरून जाणारी जी रेघ सरळ दिसते, ती मात्र पंधरा हजारांच्या घरात जाते. जून 2023मध्ये याच मार्गावरील एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या मगादान शहरात उतरवावे लागले होते. विमान किती उत्तरेकडून जाते, हे त्यावरून कळते.

दुसरा मुद्दा वरवर अगदी पटण्यासारखा आहे, पण तो खोडणारे उदाहरण याच मार्गावर घडले आहे. ऑक्टोबर 2016मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झाले, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर आटोपला. समशीतोष्ण पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. अटलांटिककडे जाताना ते समोरून येतात, पॅसिफिककडे जाताना पाठीशी असतात. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, आणि ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरचे अंतर लवकर तोडले जाते. त्यामुळे 900चा भागाकारही टिकत नाही : 12,400ला भागल्यास पावणेचौदा तास येतात, वेळापत्रकात मात्र पंधरा-सोळा तास असतात.

पृथ्वीच्या फिरण्याचे म्हणणे तर मुळातच चुकीचे आहे, कारण जमिनीबरोबर हवा आणि विमानही फिरतच असते. तसे नसते, तर जुहूवरून उडून तासभर एकाच जागी तरंगणारे हेलिकॉप्टर सुमारे दीड हजार किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रावर सापडले असते. परिवलनाचा परिणाम होतो तो वाऱ्यांची दिशा ठरण्यात.

राहिले घड्याळ. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे 4 वाजता निघून पंधरा तासांनी उतरणाऱ्याला तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा वाजलेले दिसतात; शरीराचे पंधरा तास मात्र गेलेलेच असतात. काकूंना मी कागदावर भारतीय वेळेचा एक रकाना शेवटपर्यंत ठेवायला सांगितला, आणि त्या तासांवरून डोस त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिले.