१ जानेवारी १९४५ : एका सकाळचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांवर मराठीत जे लिहिले जाते, त्यात १ जानेवारी १९४५ हा दिवस आला तर बहुधा दोन ओळींत आटोपतो : जर्मन हवाई दलाने नववर्षाच्या सकाळी दोस्तांच्या विमानतळांवर अचानक हल्ला चढवला, शेकडो विमाने जाळली आणि त्या भरात स्वतःचेच कंबरडे मोडून घेतले. यात खोटे काही नाही. परंतु हाच एक दिवस मूळ कागदपत्रांवरून समजून घेण्याचा उद्योग मी गेली काही वर्षे सवडीने करतो आहे, आणि त्यातून माझे मत पक्के झाले आहे की विमानांच्या बेरजा करून तो हाती लागत नाही. एकेक विमानतळ, एकेक विमान आणि एकेक वैमानिक यांचा माग काढावा लागतो, आणि तोही पाडणाऱ्याच्या दाव्यांवरून नव्हे, तर गमावणाऱ्याच्या नोंदींवरून.

या मोहिमेचे नाव 'बोडेनप्लाटे'. तिची आखणी जनरल डीट्रिख पेल्ट्स यांनी केली होती. ती मुळात डिसेंबरच्या मध्यावर, बेल्जियमच्या आर्देन या जंगली टापूतील जर्मन भूसेनेच्या चढाईबरोबरच व्हायची होती, पण खराब हवामानामुळे लांबत गेली. अखेर नववर्षाच्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास आठशेहून अधिक जर्मन विमाने, बहुतेक मेसरश्मिट १०९ आणि फोके-वुल्फ १९०, अगदी खालून उडत बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्समधील तळांवर एकाच वेळी येऊन धडकली. वाट दाखवायला पुढे युंकर्स ८८ ही रात्रीच्या लढाईची विमाने होती, कारण मागून येणाऱ्या अनेक तरुण वैमानिकांना नकाशा पाहत इतक्या खालून उडण्याचा सराव नव्हता.

बेल्जियममधील आश या तळाचेच पाहा. अमेरिकी ३५२व्या फायटर ग्रुपचे जॉन मेयर यांनी त्या सकाळी बारा मस्टँग लढाऊ विमाने उड्डाणाला सज्ज ठेवण्याची परवानगी आग्रहाने मिळवली होती. ती धावपट्टीवर असतानाच हल्ला आला, आणि मेयर यांनी जमीन सोडताच समोरचे फोके-वुल्फ पाडले. ३६६व्या ग्रुपची थंडरबोल्ट लढाऊ विमाने आधीच आकाशात होती, ती जर्मन विमानांना जाऊन भिडली. या झुंजीची कथा अमेरिकेत दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि त्या वैमानिकांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु धुराचा लोट सोडत खाली जाणारे एकच मेसरश्मिट मस्टँगचा वैमानिक, थंडरबोल्टचा वैमानिक आणि खालचा तोफखाना असे तिघेही पाहतात, तिघेही प्रामाणिकपणे आपल्या नावे लिहितात, आणि एका अवशेषाचे कागदावर तीन विजय होतात. दाव्यांच्या याद्या एकमेकींशी कितीही ताडून पाहिल्या, तरी हे उघड होत नाही. त्यासाठी समोरच्या तुकडीचे किती जण परतले नाहीत, हे त्यांच्याच नोंदींत पाहावे लागते.

जमिनीवर जळालेल्या विमानांचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटिश पद्धतीत नुकसानीच्या श्रेणी असत. 'ई' म्हणजे विमान कायमचे बाद आणि 'बी' म्हणजे कारखान्यात नेऊन दुरुस्त होण्याजोगे. त्यामुळे कोणत्या श्रेणी धरल्या, यावर एकाच तळाचा आकडा बदलतो. शिवाय ब्रुसेल्सजवळच्या तळांवर नादुरुस्त होऊन उतरलेली अमेरिकी बॉम्बफेकी विमाने उभी होती. ती तिथल्या कोणत्याच स्क्वाड्रनची नसल्यामुळे त्या स्क्वाड्रनांच्या नोंदवहीत शोधून सापडत नाहीत.

या वह्यांची पाने आता ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातून संगणकावर पाहता येतात. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचे नाव, कामगिरी, उड्डाणाची वेळ, परतण्याची वेळ, असे टंकलिखित रकाने असतात. जो परतला नाही, त्याच्या नावासमोरचा परतण्याचा रकाना अनेकदा रिकामाच असतो. अमेरिकी बेपत्ता-अहवालांत तर विमान शेवटचे कुठे दिसले याबरोबर इंजिनाचा आणि पंखातील प्रत्येक मशीनगनचा क्रमांकही नोंदवत. अशा अहवालामुळे पुढे कित्येक वर्षांनी चिखलातून निघालेली गंजकी मशीनगन एका माणसाचे नाव सांगू शकते.

जर्मन बाजू मात्र फाटकी आहे. युद्धाच्या शेवटी बरीच कागदपत्रे नष्ट झाली, आणि १९४५च्या विमानहानीच्या याद्या बहुतांशी हाती नाहीत. तरीही वैमानिकांच्या नावनिशीवार हानी-नोंदी, विमानांवरचे उत्पादन क्रमांक, गळ्यातील ओळखबिल्ले, दोस्तांनी केलेल्या दफनांच्या नोंदी आणि गावकऱ्यांच्या आठवणी जुळवून संशोधकांनी ती चिकाटीने सांधली. त्यातून सुमारे २७० लढाऊ विमाने, मृत किंवा बेपत्ता १४३ आणि युद्धकैदी ७० वैमानिक, असा जर्मन हानीचा हिशेब उभा राहिला. या परिश्रमाचे मोल मला सर्वाधिक वाटते ते पुढच्या कारणाने. मोहीम इतकी गुप्त ठेवली होती की जर्मनांच्याच तोफखान्याला तिची धड कल्पना नव्हती, म्हणून त्यांची फार मोठी हानी स्वकीयांच्याच माऱ्याने झाली, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. एकेका विमानाचा शेवट तपासला गेला तेव्हा दिसले की तसे घडले खरे, पण पुष्कळ कमी प्रमाणात. बहुतेक विमाने दोस्तांच्या विमानवेधी तोफांनी आणि लढाऊ विमानांनीच पाडली होती. बेरजांवर विसंबून राहिलो असतो, तर हा समज कधीच ढळला नसता.

माणसे आणि विमाने वेगळी मोजण्याचा आग्रह मी धरतो तोही याच हिशेबामुळे. दोस्तांची विमाने जळाली, पण त्यांचे बहुतेक वैमानिक जमिनीवर सुखरूप होते आणि नवी विमाने काही आठवड्यांत आली. जर्मनीकडे तेव्हा विमानांपेक्षा इंधनाचा आणि मुरलेल्या वैमानिकांचा तुटवडा होता, आणि नेमके तेच लोक त्या सकाळी गेले. अकराव्या लढाऊ गेश्वाडरचे (जर्मन हवाई दलातील अनेक तुकड्यांच्या मोठ्या पथकाचे) प्रमुख ग्युंटर श्पेख्ट, ज्यांचा एक डोळा १९३९ सालीच गेला होता, ते आशच्या हल्ल्यातून परतले नाहीत आणि आजही बेपत्ताच आहेत. हल्लेखोर विमानांच्या चौथ्या गेश्वाडरचे प्रमुख आल्फ्रेड द्रुशेल हेही तसेच बेपत्ता. नेदरलँड्समधील आयसेलस्टाइन आणि बेल्जियममधील लोमेल येथील जर्मन दफनभूमींत 'अज्ञात' म्हणून पुरलेल्यांमध्ये या दिवसाचेही वैमानिक असणार, आणि त्यांच्यापैकी कोणाचे नाव अजून शोधता आले तर ते शोधलेच पाहिजे, मग तो कोणत्याही बाजूने लढलेला असो.

ज्यांना या अभ्यासाची गोडी आहे, त्यांनी आश किंवा नेदरलँड्समधील आइंडहोवेन या तळांपासून सुरुवात करू नये, तिथे पसारा फार आहे. ब्रुसेल्सच्या उत्तरेचा ग्रिम्बर्गन हा तळ घ्यावा. जर्मन तिथे पोहोचले तेव्हा तळ जवळजवळ रिकामा होता, मोजकीच विमाने उभी होती, आणि तरीही हल्लेखोरांची हानी मोठी झाली. दोन्ही बाजूंचे कागद तिथे एकाच टेबलावर मांडता येतात.