माशाच्या डोक्यातला खडा पाहून किनारा सांगता येत नाही

खानदेशातल्या व्हॉट्सॲप गटांवर माशांबद्दलचा एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: "माशाच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, ते त्याचं आधारकार्ड. धरणाच्या माशात खडा नसतो, म्हणून खडा निघाला की मासा समुद्राचाच. खडा गोल आणि गुळगुळीत असेल तर मासा गुजरातचा, लांबट आणि खडबडीत असेल तर कोकणचा. खड्यावरच्या रेघा मोजा, तेवढी वर्षं वय. तरीही शंका असेल तर एक खडा प्रयोगशाळेत द्या, मासा कुठल्या बंदराजवळ जन्मला ते सांगतात."

हा मजकूर लोक का पुढे पाठवतात ते समजण्यासारखं आहे. भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या बाजारात समुद्राचा मासा बर्फात येतो आणि तो कुठल्या किनाऱ्यावरून निघाला हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. शिवाय मजकुराच्या मुळाशी खरं शास्त्र आहे. माशाच्या आतल्या कानातले हे खडे, म्हणजे ओटोलिथ, वापरून एकाच जातीच्या माशांचे किनाऱ्यावरचे वेगळे समूह ओळखण्याचं काम जगभर चालतं. पण ते सगळं काम तुलनेवर उभं आहे. या मजकुरातून नेमकी ती तुलनाच गळाली आहे.

धरणाच्या माशात खडा नसतो, हे तर सरळ चूक. हतनूर, गिरणा किंवा उकाईच्या फुगवट्यातल्या प्रत्येक हाडाच्या माशाला खडे असतात, आणि तेही दोन नव्हे, सहा. डाव्या-उजव्या कानात तीन-तीन: सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस. फरक आहे तो आकारमानाचा. समुद्रातल्या बहुतेक माशांत सॅजिटा सर्वांत मोठा, म्हणून तो सहज सापडतो. रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळात सॅजिटा सुईसारखा बारीक असतो आणि ॲस्टेरिस्कस मोठा. शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांत लॅपिलस मोठा. रोहूचं डोकं शिजवून चाखणाऱ्याला खडा दिसत नाही, त्याचं कारण एवढंच. तिलापिया मात्र धरणातलाच, आणि त्याचा सॅजिटा नुसत्या डोळ्यांनी व्यवस्थित दिसतो. उलट बाजूही बघा: मुशी आणि पाकट अस्सल समुद्राचे, पण त्यांच्या कानात असा घट्ट खडा नसतो, फक्त बारीक कण असतात. म्हणजे "खडा आहे की नाही" या कसोटीवर तिलापिया समुद्राचा ठरेल आणि मुशी धरणाची.

आता आकाराचा मुद्दा. गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे, म्हणून तो नीट उलगडायला हवा.

खड्याचा आकार सर्वांत आधी जातीवर ठरतो. ढोमा, घोळ यांच्या कुळातले खडे जाड आणि ठळक असतात. बांगड्याचा खडा पातळ, पुढे टोक आलेला. ढोम्याचा खडा बांगड्याच्या खड्याशेजारी ठेवून "हा गुजरातचा, हा कोकणचा" म्हणणं म्हणजे जातीतला फरक किनाऱ्याच्या नावावर टाकणं. दुसरं, एकाच जातीत मासा वाढतो तसा खड्याचा आकारही बदलतो. १५ सेंटिमीटरचा मासा आणि २५ सेंटिमीटरचा मासा एकाच जाळ्यातून निघाले तरी त्यांच्या खड्यांची लांबी-रुंदी वेगळ्या प्रमाणात असेल, कडेच्या खाचाही वेगळ्या असतील. तिसरं, वाढीचा वेग. एकाच लांबीच्या दोन माशांत जो हळू वाढला त्याचा खडा साधारणपणे मोठा आणि जड असतो, कारण अंगाची वाढ मंदावली तरी खड्यावर थर चढतच राहतात. अन्न, तापमान, खोली यांनी वाढ बदलते, म्हणजे एका वर्षी जन्मलेली पिल्लं आणि दुसऱ्या वर्षी जन्मलेली पिल्लं एकाच समूहातली असूनही वेगळी दिसू शकतात.

म्हणून समूह ओळखायचे तर काम असं होतं. प्रत्येक ठिकाणाहून एकाच जातीचे, शक्यतो एकाच हंगामातले आणि साधारण सारख्या लांबीचे किमान ३० ते ५० मासे घ्यायचे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये, मासेमारी बंद असते, तेव्हा नमुने त्याच्या एका बाजूचे की दुसऱ्या बाजूचे हे आधीच ठरवावं; बंदीआधीचे एका बंदरातून आणि बंदीनंतरचे दुसऱ्या बंदरातून घेतले तर ठिकाणाचा आणि ऋतूचा फरक एकमेकांत मिसळतो. माशाची लांबी मिलिमीटरमध्ये, वजन, नर-मादी, ठिकाण, तारीख हे डोकं फोडण्याआधी लिहायचं. मग डोळ्यांच्या वरच्या पातळीवरून मागे आडवा छेद देऊन कवटीचं झाकण काढायचं आणि मेंदू बाजूला सारायचा. त्याच्या खाली-मागे दोन खोबणींत सॅजिटा असतात. ढोम्यात दुसरी वाट सोपी: कल्ले काढून कवटीच्या तळाकडून बघितलं की दोन फुगवटे दिसतात, ते हलक्या हाताने फोडायचे. भोवतालचा पडदा पाण्यात बोटांनी चोळून काढायचा, खडा वाळवायचा आणि छोट्या कुपीत कोरडाच ठेवायचा. फॉर्मॅलिनमध्ये कधीही नाही. खडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं. काही आठवड्यांत कडा विरघळतात, आणि मोजायच्या असतात त्या कडाच.

डावा आणि उजवा खडा मिसळू नये. लेप्यासारख्या चपट्या माशात दोन बाजूंचे खडे मुळातच वेगळे असतात, पण इतरांतही एकच बाजू ठरवून घेतलेली बरी. खड्याच्या एका अंगावर लांब खाच असते; ती बाजू प्रत्येक वेळी सारखीच ठेवून, टोक एकाच दिशेला करून, काळ्या पार्श्वभूमीवर सारख्याच पटीने मोठा करून फोटो काढायचा. टोक तुटलेला खडा सरळ बाद. बांगड्यात ही तूट फार होते आणि तुटके खडे चालवून घेतले की "आखूड टोकाचा समूह" नावाचा एक खोटा समूह तयार होतो.

पुढचं मोजमाप संगणकावर. लांबी, रुंदी, क्षेत्रफळ आणि परिमिती घेतली की गोलाई, आयताकृतीपणा असे निर्देशांक निघतात. त्याहून नेमकं म्हणजे बाह्यरेषेचं फूरिये विश्लेषण, म्हणजे वेडीवाकडी कड साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडणं: अशा २० लाटा (हार्मोनिक) घेतल्या तर प्रत्येकी चार आकडे, म्हणजे ८० गुणांक येतात, त्यातले पहिले तीन आकारमान आणि दिशा समान करताना स्थिर होतात, उरतात ७७. या ७७ पैकी जे माशाच्या लांबीबरोबर बदलतात त्यांतून लांबीचा परिणाम काढून टाकावा लागतो. ही पायरी गाळली की मोठे मासे एका समूहात, छोटे दुसऱ्या समूहात पडतात आणि निष्कर्ष देखणा दिसतो, पण तो फक्त लांबीचा असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या "गोल" आणि "लांबट" यांचा या सगळ्याशी संबंध जवळपास नाही.

एवढं करूनही उत्तर टक्क्यांत मिळतं. तीन ठिकाणं असतील तर नुसत्या अंदाजाने ३३ टक्के मासे बरोबर जागी पडतात. पद्धतीने ६० टक्के पाडले तर फरक आहे असं म्हणता येतं, पण हातातला एक मासा कुठला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आकारातला फरक मासे वेगळ्या पाण्यात वाढल्याचं सांगतो. त्यांची वंशावळ वेगळी आहे का, याचं उत्तर जनुकीय तपासणीतून येतं. मासेमारीचं नियोजन करताना पहिलीही गोष्ट मोलाची आहे, कारण दोन समूह एकच धरून मासेमारी केली तर त्यातला लहान समूह कुणाच्या लक्षात येण्याआधी संपू शकतो. बोंबील हे पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः खंबातच्या आखातापासून महाराष्ट्रापर्यंत आणि पूर्वेला बंगाल-ओडिशाकडे भरपूर मिळतात. इतकी फाटलेली वस्ती असली की समूह वेगळे आहेत का, हा प्रश्न रास्तच. मुंबई आणि रत्नागिरीच्या बांगड्याबद्दल तोच प्रश्न कितीतरी अवघड आहे, कारण बांगडा थव्याने फिरतो.

रेघा आणि वयाबद्दल थोडक्यात. खड्यावर वर्षाच्या रेघा असतात हे खरं. माशाचं वय त्यावरून काढणं १८९९ पासून चालू आहे. पण त्यांच्यासोबत रोजच्या रेघाही असतात, हे जॉर्जिओ पॅनेलांनी १९७१ मध्ये दाखवलं. वरून दिसणाऱ्या रेघा मोजणारा माणूस नेमकं काय मोजतो आहे, हे त्यालाच ठाऊक नसतं. थंड समुद्रात उन्हाळा-हिवाळ्याचे पट्टे ठळक उमटतात; आपल्या उबदार पाण्यात पावसाळा आणि प्रजननाचा काळही खुणा सोडतो, त्यामुळे वर्षाला एकच पट्टा हे गृहीत न धरता त्या जातीसाठी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बारा महिने नमुने घेऊन कडेचा शेवटचा थर कधी जाड आणि कधी पातळ आहे ते पाहतात. खडा रेझिनमध्ये बसवून, केंद्रातून जाणारा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ काप हिऱ्याच्या पात्याने काढून, घासून चकचकीत करून मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी होते. दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजायचं.

राहिली प्रयोगशाळा. खड्यावर चढलेला थर पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे केंद्रात जन्माच्या वेळच्या पाण्याची आणि कडेला शेवटच्या दिवसांची रासायनिक नोंद राहते. लेझरने मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा ठिपका जाळून स्ट्रॉन्शियम, बेरियम, मॅग्नेशियम, मँगनीज यांचं कॅल्शियमशी प्रमाण मोजतात. नदी-समुद्र ये-जा करणाऱ्या माशासाठी हे फार उपयोगी आहे: समुद्रात साधारणपणे स्ट्रॉन्शियमचं प्रमाण जास्त, गोड्या पाण्यात बेरियमचं. पण खाऱ्या पाण्यातल्या दोन शेजारच्या बंदरांत हा फरक अगदी थोडा असतो, आणि माशाचं शरीर व तापमान त्यात आणखी ढवळाढवळ करतात. केंद्रात मँगनीज मुळातच जास्त असतं; ते न जाणता केंद्राची तुलना कडेशी केली तर मासा दुसरीकडे जन्मला असं उगाच वाटतं.

सर्वांत मोठी अडचण याहून साधी आहे. खडा "कुठला" हे सांगायला त्या-त्या ठिकाणी जन्मलेल्या पिल्लांचे खडे आधी मोजलेले हवेत, शक्यतो त्याच वर्षीचे. अटलांटिकच्या ब्लूफिन ट्यूनाबाबत हे जमलं, कारण अंडी घालण्याच्या दोन मोठ्या जागा, भूमध्य समुद्र आणि मेक्सिकोचं आखात, माहीत होत्या. पिल्लांच्या खड्यांच्या केंद्रातली ऑक्सिजनची समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजून ठेवली होती, मग मोठ्या माशांचं जन्मस्थान सांगता आलं. अशी आधारसूची नसेल तर संगणक थांबत नाही. त्याला वेरावळ, मुंबई आणि रत्नागिरी एवढीच नावं दिली आणि मासा आला मालवणचा, तर तो या तिघांतलंच एक नाव देतो, वर टक्केवारीही देतो.

म्हणून खड्यावरून काढलेला कुठलाही दावा समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात: तुलना कुठल्या ठिकाणांशी केली, प्रत्येक ठिकाणचे मासे किती, लांबीचा परिणाम काढला का, आणि अचूकता त्याच माशांवर तपासली की बाजूला ठेवलेल्या वेगळ्या माशांवर. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत हे शिकवायचं असेल तर बाजारातला ताजा ढोमा पुरतो: खडा काढणं, मोजणं, फोटो घेणं हे सगळं त्यावर होतं. आठवडी बाजारातल्या सुक्या माशाचं डोकं शाबूत असेल तर त्यातूनही खडा निघतो, पण वाळताना लांबी आक्रसते, म्हणून त्याची नोंद ताज्या माशांच्या तक्त्यात मिसळू नये. आणि खारवलेल्या माशाचा खडा रासायनिक तपासणीला पाठवू नये.