गोव्याला, आईला घेऊन

आज दुपारी कार्यालयात डबा खाताना मी सहज सांगितले की शुक्रवारी संध्याकाळी आईला घेऊन गोव्याला गेलो होतो आणि काल रात्री परतलो. समोर बसलेले सहकारी डोळा मिचकावत म्हणाले, "गोवा? माताजी को लेकर? भिया, उनको तो ओंकारेश्वर ले जाते!" सगळे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि तेव्हापासून मला माझ्याच हसण्याचा इतका राग येतो आहे की घरी आल्यावर चहा न घेता हे लिहायला बसलो आहे.

ओंकारेश्वर इंदूरहून 80 किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि आम्ही दर वर्षी जातो. आईच घाई करून नेते, घाटावर बसते, दिवा सोडते. पण नर्मदा ही तिच्या सासरची नदी आहे.

आई वेंगुर्ल्याची. 1974 साली लग्न होऊन ती इंदूरला आली, तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. वेंगुर्ल्याहून एसटीने कोल्हापूर, तिथून गाड्या बदलत बदलत इंदूर, असा तो प्रवास होता, आणि कडेवर एक आणि हाताशी एक मूल घेऊन तो चार-पाच वर्षांतून एकदाच होत असे. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तोवर आजी-आजोबा गेले होते, पुढे घराच्या वाटण्या झाल्या आणि तिचे जाणे संपले. इंदुरात तिने रोहू आणि कटला यांच्यावर मालवणी मसाल्याचे प्रयोग केले, बर्फात आलेल्या माशाला नावे ठेवली आणि पोह्यांवर जीरावन मसाला घालून खायला शिकली. तक्रार अशी तिने कधी केली नाही, आणि आपण घरातली माणसे तक्रार नाही म्हणजे इच्छाही नाही असे किती सोयीने धरून चालतो!

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. इंदूरहून मुंबई आणि तिथे विमान बदलून गोव्यातला मोपा विमानतळ. चाकाच्या खुर्चीसाठी आधी कळवले होते, त्यामुळे विमानतळावरचे लांबच लांब चालणे वाचले. खिडकीजवळच्या जागेचे वेगळे पैसे मोजताना मी मनातल्या मनात कुरकुरलो होतो. मुंबईहून उडालेले विमान किनारा ओलांडून समुद्रावर आले तेव्हा आईने कपाळ काचेला टेकवले आणि ते मोपा येईपर्यंत काढले नाही. खाली तासभर अंधार आणि मधूनच एखाद्या होडीचा दिवा, एवढेच दिसत होते. ती कुरकुर मी मागे घेतो.

आता शॅकबद्दल. हरमलजवळच्या किनाऱ्यावर, बांबू आणि झावळ्यांच्या एका शॅकमध्ये, म्हणजे तात्पुरत्या खाणावळीत, आम्ही शनिवारी दुपारी बसलो. खाद्यपदार्थांची यादी इंग्रजीत आणि रशियनमध्ये, त्यात पिझ्झा, नूडल्स, पनीर टिक्का आणि कुठेतरी तळाशी बांगडा. वाढणारा मुलगा उत्तराखंडचा होता. आईने त्याला विचारले, "बांगडा आजचा आहे का?" त्याने होय म्हणायचे म्हणून होय म्हटले. आईने मासे दाखवायला सांगितले. मी संकोचलो. मुलगा ट्रे घेऊन आला, तिने चष्मा सावरला, एकेका बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून पाहिला, दोन बाजूला केले आणि एक पुढे सरकवून म्हणाली, "हा चालेल. बाकीचे कालचे आहेत."

हा प्रकार पाहून स्वयंपाकघरातून मालकीण बाहेर आली. आईपेक्षा पाचसहा वर्षांनी लहान असेल, पदराला हात पुसत आली, तोंडावर भांडणाची तयारी होती. तिने आईकडे एकदा पाहिले, ट्रेकडे एकदा पाहिले आणि विचारले, "खंयची गो तू?"

आणि 51 वर्षे इंदुरात काढलेली, इथले रेशनकार्ड असलेली, रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, वाट पाहणारी माझी आई क्षणभरही न थांबता म्हणाली, "वेंगुर्ल्याची."

पुढचा तासभर मी तिथे नव्हतोच म्हटले तरी चालेल. यादीत नसलेले, स्वयंपाकघरातल्या माणसांसाठी केलेले शीत म्हणजे भात आणि तिरफळ घातलेले हुमण म्हणजे माशांची आमटी आईच्या पुढ्यात आली. तिने चमचा बाजूला ठेवला आणि हाताने जेवली. शेजारच्या टेबलावर रशियन जोडपे, मागे कर्कश संगीत, पायाशी वाळूत झोपलेले कुत्रे, आणि या दोघी वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे कुठे मांडून बसत यावर वाद घालत होत्या. माझा पनीर टिक्का थंड झाला. होय, मी पनीर टिक्का मागवला होता. इंदूरचे संस्कार.

आता मला सांगा, यात डोळा मिचकावण्यासारखे काय होते? समुद्र तरुणांना आणि तीर्थ म्हाताऱ्यांना, ही वाटणी कोणी केली? आपल्याकडे साठी उलटलेल्या बाईला घराबाहेर पडायचे असेल तर देवाच्या नावाने रजा काढावी लागते. नुसते बसावेसे वाटते, वाऱ्याला बसावेसे वाटते, आवडीचे जेवावेसे वाटते, ही कारणे तिच्या तोंडी शोभत नाहीत असे आपण ठरवून टाकले आहे. हिंदीभाषकांना कशाला बोल लावायचा, आपल्या मराठी मंडळींनीही परवापासून मला विचारले आहे, "मग मंगेशी, शांतादुर्गा झाले असेलच?" नाही झाले. आईच म्हणाली, "देव कुठे पळून जात नाहीत."

गोव्याची ती ख्याती खोटी नाही, हे मान्य. वाळूत खुर्ची रुतते, स्वच्छतागृह लांब असते, आणि दोन रात्रींच्या या सहलीच्या पैशात रेल्वेने चार दिवस कोकण झाले असते, हेही मान्य. वेंगुर्ल्यालाच का नेले नाही, असेही कोणी विचारील. मोपाहून ते फार दूर नाही आणि मी आईला तसे म्हटलेही होते. ती म्हणाली, "कुणाच्या दारात उभी राहू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून रविवारी सकाळी केरीच्या किनाऱ्यावर गेलो. समोर नदीच्या मुखापलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात मोडतो, आणि 1961 च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे आई 9 वर्षांची होईपर्यंत, तिच्या लेखी तो परदेश होता. तिने बोट करून सांगितले, त्या किल्ल्याच्या पलीकडे रेडी, मग शिरोडा, मग आमचे. इतकेच. मग पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी राहिली आणि मी घड्याळ पाहिले नाही.

लिहिता लिहिता राग उतरला आहे, कारण एक गोष्ट आठवली आणि ती लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. 2000 सालच्या आगेमागे मी मित्रांबरोबर तीनदा गोव्याला गेलो. कळंगुट, बागा, जे काय करायचे ते केले. दर वेळी येताना आईसाठी काजू आणले. दर वेळी तिने एकच विचारले, "समुद्र कसा होता?" आणि एकदा मी पिशवी खाली ठेवत उत्तर दिले होते, "समुद्रासारखा."

त्या वेळी कोणी मला म्हटले असते की पुढच्या खेपेस आईला ने, तर मीही बहुधा डोळाच मिचकावला असता. सहकाऱ्यांवरचा माझा राग म्हणूनच थोडा लटका आहे. थोडाच.

परतताना आईला खोबऱ्याच्या वाट्या घ्यायच्या होत्या. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानात चालत नाही, हे तिला काही केल्या पटले नाही. शेवटी आमसुले आणली, आणि मालकिणीने दिलेली तिरफळांची पुडी. आज सोमवार असल्यामुळे ती पुडी उघडली नाही, नुसती डब्यात ठेवली आहे, तरी स्वयंपाकघरात वास येतो आहे.

मघाशी आईने विचारले, "त्या बाईचा शॅक कधीपर्यंत असतो रे?" मी सांगितले की पावसाच्या आधी, मेअखेरीस सगळे शॅक उतरवतात. ती बरे म्हणाली आणि चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटू लागली. अजून उलटते आहे.