‘रात्री दहा ते सकाळी आठ गाडी कुठेही लावा’ म्हणे!

ठाण्याच्या नौपाड्यातले आमचे काका हल्ली गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतात, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना कायदा कळलाय: ‘रात्री 10 ते सकाळी 8 गाडी रस्त्यावर कुठेही लावा. दहा तासांच्या आत कोणी हात लावू शकत नाही. रात्री ट्रॅफिक नसतो, कोपरा, गेट काहीही चालतं. रोड टॅक्स भरलाय, रस्ता आपलाच.’

दहा तास आले कुठून? मोटार वाहन कायदा 1988, कलम 127. त्यात दोन वेगळे प्रसंग आहेत. गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली असली, तर ती उचलता येते, जॅमरही लावता येतो. आणि मनाईच्या जागी लावलेली असली तरीही. या दुसऱ्या प्रसंगाला तासांची अटच नाही. फॉरवर्डवाल्याने पहिला अर्धा वाचला आणि तोही उलटा. बरं, दहा ते आठ म्हणजे बरोबर दहा तास. त्याच्याच हिशोबाने आठला गाडी उचलण्याजोगी झाली!

कोपऱ्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कलम 122 अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी उभी करू देत नाही, आणि त्यात दिवस-रात्र असा भेद नाही. जुन्या नौपाड्यातल्या गल्ल्या आठवा, दोन्ही कडांना गाड्या आणि मध्ये एक रिक्षा जाईल एवढी जागा. रात्री अडीचला आग लागली तर फायर ब्रिगेडचा बंब वळणार कुठून? अ‍ॅम्ब्युलन्स आली तर खाली उतरून गाडीवाल्याला शोधायचं? तो गाढ झोपलेला, नंबर कोणाकडे नाही. रस्ता रिकामा म्हणून रात्री कुठेही लावायची, हा तर्क अशा वेळी कोणाच्या तरी जिवावर बेततो.

जिथे पार्किंगच्या पी-1, पी-2 पाट्या आहेत तिथे सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते. बारा वाजता तारीख उलटते, गाडी काही आपली आपण पलीकडे जात नाही. पाटीवरची वेळ वाचा.

रोड टॅक्सबद्दल काय बोलणार! तो भरून कोणाच्या गेटपुढची जागा विकत मिळत नाही.

एक मान्य करतो. टोइंगवाली पोरं स्वतःच्या मर्जीने गाडी उचलू शकत नाहीत, गणवेशातल्या पोलिसाची परवानगी लागते. तो सोबत नसेल तर जरूर विचारा. पण त्याच कलमाप्रमाणे टोइंगचा खर्च मालकाच्याच माथी, दंड वेगळा. काका, तो ग्रुपवर वाटून घेता येणार नाही.