‘एसी बसवायला मेकॅनिक कशाला?’ : कास्तकारभाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय कास्तकारभाऊ,

‘एसी स्वतः बसवू नका’ या माझ्या मागच्या लेखावर आपण ‘एक कास्तकार’ या नावाने सविस्तर आणि बऱ्यापैकी तिखट प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. विहिरीतली मोटर काढणे, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट घासणे, फवारणीचा पंप खोलून जोडणे ही कामे आपण लहानपणापासून करत आला आहात. हिंगणघाटजवळच्या आपल्या गावात दीड टनाचा एसी आपण चुलतभावाला हाताशी घेऊन दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात स्वतः बसवला आणि तो आजही गार हवा देतो. तालुक्याहून येणारा मेकॅनिक यापेक्षा वेगळे काही करत नाही, फक्त साडेतीन हजार रुपये मागतो. अर्थिंग आपण दिवा लावून तपासून घेतले आहे. येत्या हिवाळ्यात नवी खोली बांधून झाली की हाच एसी आपण स्वतः काढून तिथे लावणार आहात. आणि माझा लेख म्हणजे मेकॅनिक लोकांची दलाली आहे.

दलालीचे सोडून देतो. बाकीच्या मुद्द्यांपैकी एक, म्हणजे येणारा मेकॅनिक वेगळे काही करत नाही हा, मला पूर्ण मान्य आहे, आणि तो मान्य केल्यावर माझ्या लेखाचे शीर्षक चुकले होते हेही मान्य करावे लागते.

मान्य करण्याचे कारण माझ्याच घरात घडले. आमच्याकडे एसी बसला तेव्हा तालुक्याहून आलेला मेकॅनिक मोटारसायकलवर एक पिशवी घेऊन आला होता. त्या पिशवीत पाने होते, ड्रिल मशीन होते, पण जोडलेल्या पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप नव्हता. पाइप जोडून झाल्यावर त्याने आउटडोअरच्या, म्हणजे घराबाहेर बसणाऱ्या यंत्राच्या, बारीक पाइपाची व्हॉल्व्ह थोडी उघडली, जाड पाइपाच्या टोकाशी चार-पाच सेकंद गॅस फुसफुसू दिला, ‘हवा निघाली’ म्हणाला आणि नट आवळला. मी शेजारीच उभा होतो आणि कौतुकाने पाहत होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात नवतपा लागायच्या आधीच एसीने मान टाकली. तेव्हा आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकने काहीही न उघडता आधी जाड पाइपाचा नट मला दाखवला. नटाभोवती काळी, चिकट धूळ बसली होती. गॅस झिरपतो तेव्हा त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचे तेलही थोडे बाहेर येते आणि आपल्याकडची धूळ त्या तेलावर चिकटते. त्याने साबणाचा फेस लावला, तर नटाच्या एका बाजूने मोहरीएवढे बुडबुडे संथपणे येऊ लागले. आत पाहिले तर पाइपाच्या फुलवलेल्या तोंडाला केसाएवढी चीर होती.

तेव्हा ‘मेकॅनिक बोलावला म्हणजे काम चांगले झाले’ असे जे मी लेखात गृहीत धरले होते ते चूक होते. मात्र त्यावरून ‘मग आपणच केलेले बरे’ असा जो निष्कर्ष आपण काढता, तो मला पटत नाही. कोणाच्या हातून काम झाले यापेक्षा, चूक झाली तर ती आपल्याला दिसेल का, हा प्रश्न मी आधी विचारीन. विहिरीतल्या मोटरीचे उदाहरण आपणच दिले आहे. मोटर चुकीची जोडली तर ती पाणी उचलत नाही, किंवा उलटी फिरते, आणि पाच मिनिटांत आपल्याला कळते. एसीतल्या काही कामांचे असेच आहे. काहींचे मात्र तसे नाही.

दिसणारी कामे आपण जरूर करावीत, किंबहुना ती मेकॅनिकपेक्षा आपण चांगली कराल. गावातल्या जुन्या घराची भिंत दीड-दोन फूट जाडीची मातीची असते, तिच्यात खिळा धरतो पण तीसएक किलोच्या आउटडोअरचा अँगल धरत नाही, हे शहरातल्या फिटिंगवाल्याला सांगावे लागते, आपल्याला नाही. भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूला थोडे उतरते ठेवणे, पाण्याच्या नळीला कुठेही पोट पडू न देणे, आउटडोअरला पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा करणे पण त्याच्या तोंडासमोर काही न ठेवणे, वानरे लोंबकळणार नाहीत अशा जागेने पाइप नेणे (आमच्याकडे पाइपावरचा काळा फोम वानरांनी एका दुपारी सोलून काढला होता) ही सगळी घरमालकाची कामे आहेत. यात एकच गंमत लक्षात ठेवावी. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीच्या नळीतून पाणी जेमतेम ठिबकते, त्यामुळे नळीचा उतार चुकला असेल तर ते मृग बरसल्यावर, हवेत दमटपणा आल्यावर, भिंतीवर ओघळ आले की कळते. पण कळते, आणि नुकसान रंगापुरते होते.

आता न दिसणारी कामे. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा वायू असतो. मोटारसायकलच्या चाकात तीसएक पीएसआय हवा असते. आर-३२ भरलेले यंत्र बंद स्थितीत ४५ अंशांत नुसते उभे असले तरी त्यातला दाब ३९० पीएसआयच्या आसपास जातो, आणि भर दुपारी चालू असताना आउटडोअरच्या बाजूला तो ५०० च्या घरात असतो. हा दाब पेलतो तो तांब्याच्या पाइपाच्या फुलवलेल्या तोंडाने आणि एका नटाने. पाइप हॅक्सॉने कापला, आतली कोर साफ केली नाही किंवा साफ करताना तोंड खाली धरले नाही, तर तांब्याचा कीस आत पडतो किंवा फुलवलेल्या तोंडाला चीर जाते. नट किती आवळायचा यालाही माप आहे. पाव इंची पाइपाला साधारण १४ ते १७ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६०. एक फूट लांब पान्याच्या टोकाला पहिल्यात पाच किलो वजन टांगल्याएवढा जोर, दुसऱ्यात सतरा-अठरा किलो. ट्रॅक्टरचे नट आवळणाऱ्या हाताला पाच किलोचा जोर म्हणजे काहीच वाटत नाही, आणि तिथेच पातळ तांबे चिरडते.

व्हॅक्यूमचे तर नावच गैरसमज करून देते. हवा बाहेर काढणे एवढाच त्याचा हेतू नसतो, पाइपातली ओल घालवायची असते. पंपाने आतला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरवर उतरवला की पाणी साध्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. नुसता गॅस फुसफुसवून ओल जात नाही, हवासुद्धा पूर्ण जात नाही, शिवाय आर-३२ थोडा का होईना ज्वलनशील आहे. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलाशी संयोग पावून हळूहळू आम्ल तयार करते आणि ते आम्ल वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर काम करत राहते. आपण मे महिन्याच्या कोरड्या हवेत एसी बसवला हे आपल्या पथ्यावर पडले असणार, ओल कमीच शिरली असेल. पण ‘दोन वर्षे चालतो आहे’ हा पुरावा मी मानत नाही, कारण हे नुकसान चौथ्या-पाचव्या वर्षी कॉम्प्रेसर जळाल्यावर समोर येते, आणि तोपर्यंत गावात प्रत्येक जळालेल्या वस्तूचे खापर व्होल्टेजवर फोडायची आपल्याला सवय लागलेली असते.

यापेक्षा मोठी काळजी मला आपल्या अर्थिंगची आहे. फेज आणि अर्थिंगच्या तारेत १०० वॅटचा दिवा जोडला, तो लख्ख पेटला, म्हणून अर्थिंग चांगले, असे आपण लिहिले आहे. ही परीक्षा गावोगाव केली जाते आणि ती फसवी आहे. समजा आपल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे, म्हणजे अर्थिंग पुरते वाईट आहे. शंभर वॅटच्या दिव्याचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो, त्यामुळे मधले ५० ओहम त्याला जाणवतही नाहीत. दिवा ऐंशी वॅटांहून थोड्या अधिक तेजाने जळतो आणि डोळ्याला तो पूर्ण पेटलेलाच दिसतो. आता उद्या आउटडोअरमध्ये फेजची तार पत्र्याला टेकली तर काय होईल ते पाहा. २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत जाईल. आपली १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, त्याला दाद देणार नाही, कारण दीड टनाचा एसी चालताना तिच्यातून याहून जास्त प्रवाह जातच असतो. एमसीबी पडणार नाही आणि आउटडोअरचा पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टेज घेऊन उभा राहील. त्याला आधी हात कोणाचा लागेल, तर अंगणात खेळणाऱ्या पोराचा किंवा ओल्या हाताने तिथून जाणाऱ्या घरच्या बाईचा. दिव्याच्या परीक्षेत आणखी एक धोका असा की अर्थिंग खरोखर तुटलेले असेल, तर दिवा जोडल्याक्षणी घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तूंच्या अंगावर त्या दिव्यातून फेज येतो.

वर्धा-यवतमाळच्या काळ्या मातीत हे अधिकच वाईट होते. ही माती उन्हाळ्यात आकसते, हातभर खोल भेगा पडतात आणि पाइप किंवा प्लेटपासून माती सुटते. पावसाळ्यात मोजलेले चांगले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडे पडते, आणि एसी चालतो तो नेमका एप्रिल-मेमध्ये. म्हणून खड्डा खोल घ्यावा, तोंडाशी नळी ठेवून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाकावे, आणि सर्वांत आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पडणारा स्विच, बसवून घ्यावी. वर सांगितलेल्या साडेचार अँपिअरच्या गळतीला ती एका क्षणात पडते, अर्थिंग वाईट असले तरीही. काही ठिकाणी अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रल जोडून काम भागवतात. तसे आपल्या घरी असेल तर आजच तोडा, कारण डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल ढिला झाला की सगळ्या घराचे पत्रे जिवंत होतात.

नियमाचे म्हणाल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम दिवा, पंखा, स्विच बदलण्याची मुभा घरमालकाला देतात, नवी सर्किट ओढण्याची देत नाहीत. ते काम परवानाधारक कंत्राटदाराचे आहे. पण नियमावर बोट ठेवून वाद जिंकण्याची मला हौस नाही, म्हणून एवढेच नोंदवतो.

आता आपल्या हिवाळ्याच्या बेताविषयी, आणि इथे मी विनंतीपेक्षा थोडे जास्त करतो आहे. एसी बसवण्यापेक्षा काढणे अधिक धोक्याचे आहे. काढण्याआधी गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. बारीक पाइपाची व्हॉल्व्ह बंद करायची, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपाची व्हॉल्व्ह बंद करून लगेच यंत्र थांबवायचे. ऐकायला सोपे आहे. पण यात जोड गळका असेल, घाईत नट आधी ढिला केला असेल किंवा कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त वेळ चालला, तर तो बाहेरची हवा आत ओढतो. तेलाचे बारीक कण मिसळलेली ती हवा दाबली गेली की तापते आणि पेट घेते. डिझेल इंजिनात हेच घडवून आणतात, फक्त तिथले सिलिंडर त्यासाठी बनवलेले असते आणि कॉम्प्रेसरचे कवच नसते. कॉम्प्रेसर फुटून माणसे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीचे आपले जोड गळत आहेत की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून हे काम मेकॅनिकशिवाय करू नये.

त्यासाठी मेकॅनिक बोलवाल तेव्हा फोनवर दोनच प्रश्न विचारा: व्हॅक्यूम पंप आणतो का, आणि गॅस कमी पडला तर वजनकाट्यावर मोजून भरतो का. ‘तशी गरज नसते’ असे उत्तर आले तर दुसऱ्याला फोन लावा. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली पोरे आता तालुक्याच्या गावीही सापडतात, आणि त्यांना असे प्रश्न विचारले तर बहुतेक जण चिडत नाहीत, खूश होतात. पंप चालू असेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, त्याला चहा पाजत तिथेच बसा. पंप बंद केल्यावर गेजचा काटा आहे तिथेच थांबतो का, ते स्वतः पाहा. तो चढत असेल तर जोड गळतो आहे. नव्या खोलीपर्यंत पाइप लांबत असेल तर वाढीव प्रत्येक मीटरमागे वीसएक ग्रॅम गॅस लागतो, तो अंदाजाने भरू देऊ नका.

तोपर्यंत आज चालू असलेला एसी मुळीच उघडू नका. दोन्ही नटांना साबणाचा फेस लावून पाहा, काळी चिकट धूळ दिसते का तेवढे बघा आणि तसाच चालू द्या. नव्या खोलीबाहेर आउटडोअरसाठी ओटा बांधाल तो मात्र आपणच बांधा. काळी माती दोन फूट खोदून काढा, मुरूम टाकून चोपा आणि मगच विटा लावा, नाहीतर पहिल्या पावसात माती फुगून ओटा एका अंगाला कलतो आणि आवळलेल्या त्याच दोन नटांवर पाइपाचा ताण येतो.