व्हेसीची मुले कोणाची होती?

"तो स्वतः सुटला होता ना, मग नसत्या फंदात कशाला पडला?" असे गुलामांच्या उठावाच्या कटासाठी फासावर गेलेल्या डेन्मार्क व्हेसीबद्दल आज एका सहकाऱ्याने सहज विचारले आणि तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात गुलाम म्हणून राबणाऱ्या व्हेसीला १७९९ मध्ये १,५०० डॉलरची लॉटरी लागली. त्यातील ६०० डॉलर मोजून त्याने स्वतःला सोडवले आणि सुतारकामावर बस्तान बसवले. इथवरची गोष्ट सर्वांनाच आवडते. परंतु त्याची बायको बेक दुसऱ्याच्या मालकीची होती, आईची गुलामी मुलांच्या माथी मारणारा कायदा होता, आणि विधिमंडळाच्या मंजुरीवाचून कोणत्याही गुलामाला मुक्त करता येणार नाही असे १८२० मध्ये साउथ कॅरोलायनाने ठरवून टाकले. हातात पैसा असला तरी बापाने मुले सोडवायची कशी?

मी चार्ल्सटनला गेले होते तेव्हा एका जुन्या भिंतीतील विटांवर बोटांचे ठसे पाहिले. ओल्या विटा उचलणाऱ्या गुलाम पोरांचे ते ठसे. एका खळग्यात मी बोट ठेवून पाहिले, ते मावले नाही. आमचा गाइड मात्र वरच्या नक्षीदार सज्जाबद्दल भरभरून बोलत होता.

व्हेसी कृष्णवर्णीयांच्या ज्या आफ्रिकन चर्चमध्ये बायबल समजावून सांगे, त्यावरही पोलिसांच्या धाडी पडत. १४ जुलै १८२२ हा गुलामांच्या उठावाचा दिवस ठरला, तो अलीकडे आणला गेला, पण त्याआधीच फितुरी झाली. २ जुलैला व्हेसी फासावर गेला. एकूण ३५ जणांना फाशी झाली. कट खरा होता की दडपणाखालील जबान्यांतून रचला गेला, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, हे मान्य. उठाव झाला असता तर निरपराधही मेले असते, हेही मान्य. पण मला त्या विटेवरची पोरे विसरता येत नाहीत, आणि रोज हाडामांसाच्या माणसांची विक्री करणाऱ्या शहराने त्याला क्रूर म्हणावे, हे तर मुळीच सहन होत नाही. २०१४ मध्ये त्याचा पुतळा उभा राहण्याआधी वर्षानुवर्षे विरोध झाला. गुलामगिरीला वरदान म्हणणाऱ्या जॉन कॅल्हून या अमेरिकी राजकारण्याचा पुतळा मात्र त्याच शहरात २०२० पर्यंत उंच खांबावर होता.

व्हेसीचे चर्च कट उघड झाल्यावर पाडले गेले. सँडी या मुलाला देशाबाहेर धाडले. गृहयुद्धानंतर मंडळी पुन्हा जमली, तेव्हा नव्या चर्चचा आराखडा दुसऱ्या मुलाने, रॉबर्ट व्हेसीने, केला.