जपान शिकवायचाय? मग तिथल्या पोरांचा साधा दिवस सांगा की

आपल्याकडे प्राथमिकला परदेश शिकवायचा म्हणजे काय होतं माहितीये ना, झेंडा, राजधानी, चलन, आणि गॅदरिंगला एखाद्या पोरीला आईची साडी गुंडाळून केलेला किमोनो. झाला जपान! त्याहून वैताग म्हणजे तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज, परिपाठाला मोठ्याने वाचला जातो, जपानमधे चौथीपर्यंत परीक्षाच नाही, शाळेत शिपाईच नाही, सगळी साफसफाई मुलंच करतात, आणि मग ठरलेलं भाषण की बघा ती मुलं आणि बघा तुम्ही.

एक तर त्यातलं निम्मं खोटंय. तिकडे पहिलीपासून छोट्या छोट्या टेस्ट असतातच, लिपीच्या, गणिताच्या. शाळेची देखभाल करायला माणूसही असतो. वर्ग, जिने, व्हरांडे पोरं झाडतात-पुसतात हे मात्र खरं. पण खरं असो नाहीतर खोटं, दुसऱ्या देशातलं पोरगं आपल्या पोरांना टोमणे मारायला वापरायचं हेच मला पटत नाही. अशाने तिसरीतल्या पोराला जपान कळत नाही, जपानचा रागच येतो.

मी वर्गात फक्त एक दिवस सांगते. सकाळी बऱ्याच ठिकाणी आळीतली पोरं एकत्र रांगेने चालत शाळेत निघतात, पुढे मोठा, मधे बारकी, पहिलीवाल्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी म्हणजे गाडीवाल्याला लांबून दिसावं. शाळेत शिरलं की बाहेरचे बूट कप्प्यात आणि आतले वेगळे बूट पायात. पाढे दुसरीत, तेही नऊपर्यंतच, हे ऐकल्यावर आमच्या वर्गात जो जल्लोष होतो तो विचारू नका, तीसपर्यंत पाठ करणारी पोरं ती!

पण खरी मजा जेवणाची. पाळीपाळीने पोरंच पांढरा एप्रन, टोपी, मास्क घालून वाढतात, सगळे वर्गातच जेवतात आणि बाईपण तेच जेवतात. भात, मासा, सूप, आणि सोबत दूध. इथे दरवेळी कुणीतरी ओरडतंच, "बाई, मासे आन् दूध? अंगावर कोड उठंल की!" मग त्यावर जी चर्चा होते ना ती कुठल्या स्वाध्यायात मिळणार नाही, कारण पहिल्यांदाच पोरांना वाटतं की आपल्या घरात पक्कं मानलेलं दुसरीकडे कुणाच्या गावीही नसतं.

मग मी सांगते की तिथे मुलांना वाढायच्या आधी मुख्याध्यापक स्वतः जेवण खाऊन बघतात. यावर आमची पोरं शांतपणे म्हणतात, हे तर आपल्याकडेपण आहे, चव रजिस्टर! बरोबरच आहे की. तिकडे १८८९ मधे त्सुरुओका गावात मंदिरातल्या एका शाळेत गरीब पोरांना भाताचे गोळे नि खारवलेला मासा देण्यापासून सुरुवात झाली, १९५४ मधे शाळेतल्या जेवणाचा कायदा आला. आपल्याकडे शिजवलेलं अन्न द्या हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००१ चा. उपाशी पोराला शिकता येत नाही हे दोन्हीकडे कळलं, बास.

आता झाडूचं. झेडपीची पोरं शाळेचं अंगण कित्येक पिढ्या झाडतायत, त्याचा मेसेज कुणी फिरवला नाही. फरक असा की तिकडे पाळी सगळ्यांची, पोरगा-पोरगी सगळ्यांची, आणि आपल्याकडे बाक उचलायला पोरं नि झाडू पोरींच्या हातात, आणि काही गावांत कुणाच्या घरच्या पोरांच्या हातात तो आधी दिला जायचा हे मी वेगळं सांगायला नको. "तिकडं पोरगं पण झाडतं?" हा प्रश्न पोरींनीच विचारला, मला काही शिकवावं लागलं नाही.

आणि सगळं गोडगोडही सांगू नका हो. जपानमधे २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि त्यापुढच्या तीन वर्गांतली मिळून ३ लाखांहून जास्त मुलं दीर्घकाळ शाळेत गेलीच नाहीत. आकडा वर्गात नाही सांगितला तरी चालेल, पण तिथल्याही काही पोरांना सकाळी शाळा नकोशी वाटते एवढं चौथीतल्या पोराला नक्की समजतं, लगेच दोन-तीन जण मान हलवतात.

तिकडे राहणाऱ्या मराठी लोकांना एक विनंती. तुमची मुलं तिथल्या सरकारी शाळेत असतील तर फुजी पर्वताचे फोटो नकोत, भरपूर आहेत. शाळेतून महिन्याचा जेवणाचा मेनू घरी येतो ना, त्याचा फोटो पाठवा, आणि दप्तर उघडून आत काय काय असतं त्याचा. मुलांचे चेहरे नि नावं नकोत. इनबॉक्स उघडा आहे.